बाहेरचा चेंडू आणि पळणारा पाय

माझ्या धाकट्या लेकीचा डावा पाय चेंडूच्या आधी पळायचा. ही सगळी हकीकत त्या पायाची आहे. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिताना कुठं चुकलो तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण घडलं त्यात पदरची भर घालणार नाही, आणि माझं जे चुकलं ते झाकणार नाही. पुष्कळ वर्षं झाकलं.

आमचं गाव राळेगावपासून सायकलच्या वाटेवर. मी विहिरी खणणाऱ्या टोळीतला. खाली खडक लागला की सुरुंगासाठी भोक पाडावं लागतं. एक जण लोखंडी सब्बल दोन्ही हातांनी उभी धरतो, दुसरा तिच्या माथ्यावर घण घालतो. दर घावाला धरणारा सब्बल जराशी फिरवतो. घण घालणारा मी. तीस वर्षांत एकदाही कोणाच्या हातावर घण पडला नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो.

तेव्हा कापसाची वाईट वर्षं चालू होती. नव्या विहिरीचं नाव कोणी काढत नव्हतं. टोळी मोडली, आणि दुपारनंतर मी बहुतेक रिकामा असायचो. त्या वर्षांत आमच्याकडे माणसं हळू आवाजात बोलायची. एखाद्या घरापुढं चार जण गप उभे दिसले की जाणाऱ्याचे पाय जड व्हायचे, जवळ जाऊन विचारायची हिंमत होत नसे. फवारणीचं औषध ज्या घरात होतं तिथली बाई ते लपवून ठेवायची, आणि लपवलेली जागा रोज उठून बघायची. अशा दिवसांत माझ्या पोरीनं खेळ धरला.

खेळ सॉफ्टबॉलचा. बेसबॉल म्हणतात त्याचीच ही पोरींची जात. शाळेत नवे आलेले खेळाचे सर अमरावतीकडचे, त्यांनी मुलींची टीम काढली. चेंडू बेलफळाएवढा, नावाला सॉफ्ट, हातात घेतला तर दगड. टाकणारी मुलगी हात खालून गरकन फिरवून पंधरा-सोळा पावलांवरून सोडते, आणि मारणारी गोल बॅट खांद्यामागं धरून उभी असते. पायाशी एक पांढरी पाटी, तिला प्लेट म्हणतात. त्या पाटीवरून जाणारा चेंडू मारायचा.

पोरगी नववीत होती. आधी ती भारी मारायची. मग एका सामन्यात चेंडू तिच्या बरगडीत बसला. आठ दिवस तिला खोकता येईना. बरगडी बरी झाली, पण तेव्हापासून टाकणारीचा हात फिरायला लागला की हिचा डावा पाय आपोआप मागं, अंगाबाहेर सरकायचा. पाय गेला की कंबर जायची, कंबर गेली की बॅट पाटीपर्यंत पोचायचीच नाही. अंगाजवळचा चेंडू ती अजून कसाबसा मारी. पण पाटीच्या पलीकडच्या कडेवरून जाणारा, ज्याला ते बाहेरचा चेंडू म्हणतात, तो तिच्यासमोरून रोज निघून जायचा.

मी एकदा बघायला गेलतो. मैदानाच्या कडेला निंबाखाली बसलो. आठ चेंडू बाहेरून गेले, आठही हुकले. मला बसवेना.

"काहून वं, पाय काहून पळते तुया?" मी तिथूनच ओरडलो.

पोरी हसल्या. ती लाल झाली. "मी नाई पळवत बाबा. तोच जाते."

"तोच जाते! पाय काय शेजाऱ्याचा हाय काय?"

सर माझ्याजवळ आले. पोरगेला माणूस, पण मान देऊन बोलायचा. म्हणाले, "काका, ओरडू नका. तिला भीती बसली आहे. आणि बाहेरच्या बॉलला ती घाई करते. आतला बॉल शरीराच्या पुढं गाठायचा असतो, तिथं लवकर जावं लागतं. बाहेरचा पाटीवर येऊ द्यायचा, जवळजवळ पोटासमोर, आणि मग मारायचा. उशिरा. तो उजव्या बाजूलाच जाणार, जाऊ द्यायचा. ही त्याला ओढून डावीकडं मारायला बघते."

"उशिरा मारल्यानं काय जोर येणार सर?" मी म्हटलं. "मी तीस वर्षं घण मारला."

"घण मारला म्हणूनच तुम्हाला कळेल," ते म्हणाले.

मला काही कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. कालचा पोरगा मला मारणं शिकवतो, एवढंच डोक्यात राहिलं. जाताना सरांनी एक गोष्ट मात्र सांगितली. महिनाभरानं यवतमाळला जिल्ह्याची निवड होती. तिथल्या टाकणाऱ्या हुशार. एखादी पोरगी बाहेरचा मारत नाही हे एकदा दिसलं की तिला दुसरा चेंडूच टाकत नाहीत. "पाय थांबला तर ही नक्की निवडली जाईल. नाही थांबला तर मी तरी काय करू?"

पोरगी सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत घरी आली. वाटेत एकदाच बोलली. "बाबा, हे गेलं तर माया काई नाई राहत." शाळेत ती मधल्या बाकावरची. खेळानंच तिला कोणी ओळखायचं. तिच्या वयाच्या गावातल्या दोघींची लग्नं ठरली होती. तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं.

पाय मी थांबवून दाखवतो, असं मी मनाशी ठरवलं.

आमच्याकडे नवा गोऱ्हा कामाला लावताना तो बिचकत असेल तर त्याला पायबंद घालतात. पायाला दोर, दोर खुंट्याला. ओढून ओढून तो दमतो आणि जागेवर उभं राहायला शिकतो. मी कितीतरी गोऱ्हे असे उभे केले होते, लोक मला मुद्दाम बोलवायचे. घरामागच्या अंगणात बकरीचा जुना खुंटा होता. तो उपटून पाटीच्या जागेच्या पलीकडं, जरा पुढं ठोकला. पाटी म्हणून पत्र्याचा तुकडा. आणि पोरीला म्हटलं, "पाय दे इकडे."

"बाबा, मी काय गोऱ्हा हाय काय?"

"गोऱ्हा असता तर दोन दिवसांत शिकला असता."

तिची माय चुलीवरून उठून आली. "काहो, पोट्टीले बांधून राह्यले काय? लोकं पाह्यतील तं काय म्हनतील?"

"लोकं काय म्हनतील ते यवतमाळची यादी लागल्यावर ऐकजो."

"डोक्शावर परिनाम झाला तुमच्या, दुसरं काय," असं म्हणत ती आत गेली. पोरगी मात्र हसत होती. तिलाही पाय थांबायला हवाच होता. तिनं आपणहून पाय पुढं केला. मी घोट्याला मऊ फडकं गुंडाळलं, वर दोर बांधला, पाय मागं जाऊ शकणार नाही इतका ताणला.

शाळेतून एक जुना चेंडू आणि एक बॅट घरी न्यायला मिळाली होती. हेल्मेट शाळेत एकच, ते मिळालं नाही. मी मागितलंही नाही. बाप टाकणार, बापाच्या हातून काय होते, असं वाटलं.

तीन दिवस मी फक्त बाहेरचे चेंडू टाकले, हळू, खालून. पहिल्या दिवशी दोर दर वेळी कचकन ताणला जायचा, ती डगमगायची, शिव्या द्यायच्या ऐवजी ओठ चावायची. दुसऱ्या दिवशी दोर कमी वेळा ताणला गेला. तिसऱ्या दिवशी पाय जागेवर राहिला आणि बॅट पोचायला लागली. ठॉक असा आवाज. चेंडू शेजारच्या कपाशीत जायचा, आम्ही दोघं शोधत फिरायचो. मी गावात सांगत सुटलो की शाळेतल्या सरांना दोन महिन्यांत जमलं नाही ते मी तीन दिवसांत केलं.

आता पुढचं लिहायला हात जड होतो.

चौथ्या दिवशी माझ्या मनात आलं, बाहेरचे टाकून काय होते? भीती तर आतल्या चेंडूची आहे. ती निघाली पाहिजे. एक चेंडू न सांगता आतून टाकायचा, पोटाजवळून, जोरात. तो गेला आणि काही झालं नाही हे तिनं एकदा बघितलं की संपलं. मी तिला सांगितलं नाही. हात फिरवला आणि सोडला.

चेंडू पोटाच्या उंचीनं जायचा तो माझ्या हातून वर सुटला. तिनं पाहिला. तिचा पाय निघाला, दोरानं धरला. वरचं अंग मागं जायच्या ऐवजी वळून पुढं कोसळलं, चेंडूवरच. डाव्या डोळ्यावर बसला. आवाज फार मोठा झाला नाही. ओलं फडकं दगडावर पडावं तसा.

ती ओरडली नाही. खाली बसली, दोन्ही हात तोंडावर, आणि पाय अजून दोरात. मी पळत गेलो. माझ्या हातांना गाठ सुटेना. मीच मारलेली गाठ. शेवटी विळा आणून तिच्या मायनं दोर कापला. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

हात बाजूला केले तेव्हा डोळा दिसत नव्हता. तिथं जांभळा गोळा होता.

"दिसते काय वं माय?" मी विचारलं.

"बंद हाय ना बाबा," ती म्हणाली. "बंद डोयानं कसं दिसन?"

मिळेल त्या एसटीनं यवतमाळ गाठलं. गाडीत मी उभाच होतो, जागा असून बसलो नाही. दर खड्ड्याला तिची मान हलायची आणि मी हात पुढं करून मागं घ्यायचो. मी आयुष्यात विहिरीच्या तळाशी उतरलो, सुरुंग भरलेला असताना वात का पेटली नाही ते बघायला परत खाली गेलो, तेव्हा इतका कधी भ्यालो नव्हतो. तेव्हा भीती स्वतःच्या जिवाची होती, आणि ती मला पचवता यायची.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी पापणी उघडून बॅटरी मारली. बराच वेळ पाहिलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की डोळ्याच्या आत रक्त उतरलं आहे. मान उंच ठेवून पडून राहायचं, वाकायचं नाही, धावायचं नाही. रक्त आपोआप ओसरलं तर ठीक. नजर किती उरेल ते आज सांगता येणार नाही.

"कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

माझं तोंड उघडलं. तीस वर्षं छाती काढून बोलणारा माणूस मी. म्हणालो, "खेळता खेळता पडली."

त्यांनी पोरीकडे पाहिलं. ती खाटेवर, एक डोळा बांधलेला. "हो," ती म्हणाली, "पडली मी."

तेवढ्यात चादर सारताना नर्सबाईंना तिचा घोटा दिसला. फडकं सरकलं होतं बहुतेक, दोराचा लाल वळ सगळीकडून फिरलेला. "हे काय गं? हे पडल्यानं झालं?"

मी खाली बघत होतो. मला वाटलं, आता पोलीस येतात. पोलिसांचं तेवढं भय नव्हतं, तिनं खरं सांगितलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. ती म्हणाली, "सायकलच्या साखळीत गेलता पाय." नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ, आणि वळावर मलम लावलं.

सहा दिवस ती तिथं होती. रोज सकाळी डॉक्टरीण बाई यायच्या, चांगला डोळा हातानं झाकायच्या आणि विचारायच्या, काय दिसतं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, लाल. दुसऱ्या दिवशी, लाल, आणि खिडकीकडं उजेड. मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. आत जायची हिंमत होत नव्हती. दुपारी तिची माय पाणी भरायला गेली की मी खाटेशी जायचो, आणि पोरगीच मला विचारायची, "बाबा, जेवले काय?" सरळ शिवी घातली असती तरी चाललं असतं. पाचव्या दिवशी तिला बाईंच्या हातातलं घड्याळ दिसलं. काटे दिसले. वेळ बरोबर सांगितली. मी दाराबाहेर भिंतीला टेकून खाली बसलो, वॉर्डातल्या एका म्हाताऱ्यानं हात देऊन उठवलं.

डोळा वाचला. डॉक्टरीण बाईंनी घरी सोडताना सांगितलं, दहा दिवस सांभाळा, मग हळूहळू खेळली तरी चालेल, पण डोकं-तोंड झाकणारं हेल्मेट घातल्याशिवाय उभी राहायची नाही.

घरी आल्यावर तिनं बॅटला हात लावला नाही. मायनं ती बॅट माळ्यावर टाकली होती, तिनं मागितली नाही. मी खुंटा उपटून जाळला. ती शाळेत जायची, यायची, जेवायची. बोलायची सगळ्यांशी. पण मी काही द्यायला हात पुढं केला, पाण्याचा गडवा का असेना, की तिची मान किंचित मागं जायची. तिला कळतही नसावं. मला कळायचं. पायाची भीती मी काढायला गेलो आणि ती मानेपर्यंत चढवून ठेवली.

निवडीला बारा दिवस उरले तेव्हा मी शाळेत गेलो. सर एकटे मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. खुंटा, दोर, न सांगता टाकलेला चेंडू, सगळं. उभं राहूनच सांगितलं.

ते रागावले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी चुन्याचा डबा खाली ठेवला, हेल्मेट आणलं आणि माझ्या हातात दिलं. "घाला काका. उभे राहा पाटीपाशी."

"मी? माह्या वयात?"

"घाला."

मी उभा राहिलो. डोक्यावर ते टोपलं, हातात बॅट. सराव करायला पोरी यायला लागल्या होत्या, त्या कडेला थांबल्या. सरांनी हात फिरवला. चेंडू बाहेरूनच होता, पाटीच्या पलीकडच्या कडेवरून, माझ्यापासून हातभर लांब. आणि माझा डावा पाय मागं गेला. मी नेला नाही. गेला.

"काका, पाय!" एक पोरगी ओरडली. बाकीच्या खिदळल्या. "काका, पाय काय शेजाऱ्याचा हाय काय?"

मी हसलो नाही. दुसरा चेंडू, पाय गेला. तिसरा, पाय गेला. आणि तेव्हा मला माझा मोठा भाऊ आठवला. मी लोकांना जे सांगायचो ते खोटं होतं. एकदा घण हातावर पडला होता. माझ्या भावाच्या. नवा होतो, सब्बल त्यानं धरली होती, आणि ऐन घावाच्या वेळी माझी नजर सब्बलच्या माथ्यावरून त्याच्या बोटांवर गेली. हातावर लागलं तर, असं मनात आलं. मी अंग मागं खेचलं, घण जिथं नजर गेली होती तिथंच उतरला. त्याची दोन बोटं शेवटपर्यंत वाकली नाहीत. त्यानंही गावात सांगितलं होतं की दगड पडला.

हे मी सरांना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "नजर चेंडूवरून निघून अंगावर येते सर. मग पाय जाते."

"बरोबर," ते म्हणाले. "आता फक्त चेंडू पाहा. मारू नका. पाटीपर्यंत येऊ द्या. पाय मागं नाही, माझ्या डावीकडं निंब आहे ना, त्या दिशेनं अर्धं पाऊल. हात अंगाजवळ. बॅटचा शेंडा सगळ्यात शेवटी येऊ द्या."

वीसेक चेंडू मी नुसते पाहिले. घण उचलून वर धरल्यावर एक क्षण असतो, धरणाऱ्यानं सब्बल फिरवून पक्की केली की नाही ते बघायचा. त्याच्या आधी घण सोडला तर गेलं. तेवढं थांबायचं असतं. पुढचा एक चेंडू तसा थांबून मी मारला. जोर लावला नाही. तो उजवीकडं, निंबाच्या अंगानं, सरळ गेला. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मागं वळून पाहिलं तर माझी पोरगी दप्तर घेऊन उभी होती. कधीची उभी होती कोणास ठाऊक.

घरी जाताना म्हणाली, "बाबा, तुमचा पाय पाह्यला मी."

"हसली काय?"

"नाई. मले वाटलं मीच हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं बॅट माळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. "मी टाकते. तुमी उभे राहा." आणि दोर नको हे बोलायचीही गरज नव्हती, खुंटा उरलाच नव्हता. सरांनी हेल्मेट आता घरी न्यायला दिलं होतं. तिनं ते मलाच घालायला लावलं.

पाच दिवस ती टाकत होती आणि मी उभा. माझा पाय गेला की म्हणायची, "गेला." बस, तेवढंच. ती पाय बघायची, मग माझे डोळे बघायची. कोणत्या क्षणी नजर निसटते ते तिला समोरून दिसत होतं. आपलं आपल्याला जे दिसत नाही ते तिला माझ्यात दिसलं असावं. तिसऱ्या दिवशी एक चेंडू तिच्या हातून आतून आला आणि माझ्या बरगडीत बसला. मी वाकलो, श्वास अडकला.

"मुद्दाम मारला काय वं?"

"सुटला," ती म्हणाली. जवळ आली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "उभे राहता काय, की बस?"

मी उभा राहिलो. तो सुटला की सोडला हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

सहाव्या दिवशी तिनं हेल्मेट माझ्या डोक्यावरून काढलं, स्वतःच्या डोक्यावर घातलं आणि म्हणाली, "टाका." मी म्हटलं, सरांना टाकू दे, उद्या शाळेत. ती म्हणाली, "नाई. तुमीच टाका. आणि सांगून टाका, आत की बाहेर." मी टाकले. दर वेळी आधी ओरडून सांगायचो, बाहेर, बाहेर, बाहेर, आत. आतला म्हणताना माझा आवाज चिरकायचा. ती अंग मागं वाकवायची, पण पाय राहायचा. एकदोनदा गेला. तिनं परत आणला.

निवडीच्या दिवशी यवतमाळच्या मैदानावर किती पोरी होत्या मोजल्या नाहीत. उमरखेडकडच्या, पुसदच्या, बाभुळगावच्या. जाळीच्या मागं आयाबाया, बाप, शिक्षक. तिचा नंबर लागला तेव्हा टाकायला एक उंच पोरगी होती, हात असा फिरवायची की चेंडू कधी सुटला ते दिसत नव्हतं. मी जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा होतो. शेजारी तिची माय, पदर तोंडात.

पहिलाच चेंडू आत आला. वर. तोंडासमोरून.

मला तेवढंच दिसलं की तो वर चढतोय. मी जाळी सोडून दोन पावलं मागं पळालो आणि मागच्या माणसाच्या पायावर पडलो. "अहो काका, जाळी हाय ना मधात," तो म्हणाला. मी उठलो तेव्हा ती तिथंच उभी होती. मान मागं घेतली होती, बस. पाय चुन्याच्या रेघेला चिकटलेला. बॅट परत खांद्यामागं गेली.

दुसरा बाहेरून. तिनं मारला नाही, पंचांनी स्ट्राइक दिला, म्हणजे तीनातली एक संधी गेली. तिसरा परत बाहेरून, त्याच कडेवर. टाकणारीला कळलं होतं, आत भिववायचं आणि मग बाहेर टाकायचा. ती थांबली. इतकी थांबली की मला वाटलं हा पण गेला, चेंडू पाटीवर आला, तिच्या मायच्या तोंडून "मार वं" निघालं, आणि तेव्हा बॅट आली. पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या ठाण्यावर, उभ्या पोरीच्या डोक्यावरून तो उजवीकडं गेला असं सगळे म्हणतात. मी चेंडू पाहिला नाही. मी तिचा डावा डोळा बघत होतो, हेल्मेटच्या सळ्यांमागून दिसतो का.

यादीत तिचं नाव आलं. नंतर ती बारावीपर्यंत खेळली, बाहेरगावी खेळली, दोनदा राज्याच्या सामन्यांना गेली. आता ती शाळेत खेळ शिकवते, पोरींना पाटीपाशी उभं करते आणि पाय बघते. तिची भीती गेली, की ती भीतीला सांभाळायला शिकली, ते तिलाच माहीत. माझी गेली नाही. मी तिच्या जवळजवळ प्रत्येक सामन्याला गेलो. ती पाटीपाशी आली की मी मैदानाकडं पाठ करून उभा राहायचो, रस्त्यावरच्या गाड्या बघत. पहिला चेंडू पाटीमागं बसणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात पडल्याचा आवाज आला, किंवा बॅटचा आला, की मग वळायचो. शेजारचे हसायचे. हसू दिलं. तिला मैदानातून माझी पाठ दिसायची, आणि एकदा तिनं मायजवळ म्हटलंही, "बाबाले म्हन, तोंड इकडे करा, मले एकटं वाटते." तेव्हापासून मी तोंड तिकडं करून उभा राहू लागलो. डोळे मात्र त्या पहिल्या चेंडूला मिटूनच घ्यायचो, आणि ते तिला एवढ्या लांबून दिसायचं नाही.